ओवीतला नाताळ : फादर थॉमस स्टीफन्स यांचे चरित्र

डिसेंबर महिना निम्मा सरला की आपल्या साष्टी बेटाचे रूप पालटू लागते. अंधेरी, मरोळ, बोरिवली, मुलुंड येथील जुन्या गावठाणांत घरोघरी कागदी तारे टांगले जातात. ओटीवर किंवा देवळाच्या आवारात गवताचा गोठा रचला जातो. मातीची मेंढरे, मातीचे मेंढपाळ मांडले जातात. आणि मधली गव्हाण मात्र नाताळच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी ठेवली जाते. ही रिकामी गव्हाण आम्हांला साऱ्या आराशीत अधिक बोलकी वाटते. गतवर्षी एका वर्गात गुरुजींनी नाताळ म्हणजे काय असे विचारले असता पहिले उत्तर केक असे आले, दुसरे सुट्टी असे आले, आणि तिसऱ्या मुलाने पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याचे नाव घेतले. वर्ग हसला, गुरुजीही हसले. परंतु घरी येताना आमच्या मनात आले की, नाताळ हा शब्दच मुळी पोर्तुगीजांच्या भाषेतून आपल्याकडे आला आणि त्याचा अर्थ जन्म एवढाच आहे. हा जन्म मराठी ओवीत सांगण्यासाठी एका परदेशस्थ पुरुषाने चारशे वर्षांपूर्वी आपले आयुष्य वेचले. त्याचे चरित्र आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावे म्हणून हा लेख लिहीत आहो.

आरंभी एक खुलासा करणे अवश्य आहे. साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचा प्रदेश. या नावाचे दोन प्रांत एके काळी पोर्तुगीजांच्या अमलाखाली होते. एक आपला, ज्यात वांद्रे, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली व ठाणे ही सारी येतात. आणि दुसरा गोव्याच्या दक्षिण भागातील, मडगाव व राशोल यांच्या भोवतालचा. जुने कागद वाचताना या दोहोंची गल्लत चांगल्या चांगल्यांकडून होते. फादर थॉमस स्टीफन्स हे दुसऱ्या साष्टीचे. तथापि आपल्या साष्टीशी त्यांचे एक वर्षाचे नाते जुळते. इसवी सन १५७९ मध्ये अंधेरीजवळ कोंडिविट्यास येशूसंघाच्या पाद्र्यांनी संत योहानाचे देऊळ बांधून लोकांसाठी उघडले. १८४० साली साथीच्या रोगामुळे गावकऱ्यांनी ती जागा सोडली. त्या देवळाच्या भग्न भिंती आज सीप्झच्या कारखान्यांमध्ये वेढलेल्या उभ्या आहेत. ज्या वर्षी त्या भिंती नव्या होत्या, त्याच वर्षी त्याच संघाचा हा तीस वर्षांचा तरुण इंग्रज गोव्याच्या बंदरात उतरला.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात बुश्टन या खेड्यात झाला. वडील व्यापारी होते. तो परगणा मेंढरांचा व लोकरीचा; हिरव्या टेकड्यांवर कळप राखणारे धनगर तेथील मुलांच्या नित्य परिचयाचे. पुढे मराठी श्रोत्यांस बेथलेहेमच्या मेंढपाळांची कथा सांगावयाची वेळ आली तेव्हा सांगणाऱ्यास ती माणसे कल्पनेने उभी करावी लागली नसतील.

त्या काळी इंग्लंडात एलिझाबेथ राणीचे राज्य होते आणि रोमन कॅथलिक पंथाची उपासना कायद्याने बंद होती. स्टीफन्स त्या पंथाचे. त्यांचा स्नेही थॉमस पाउंड याची हकीकत येथे थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण तीही नाताळचीच आहे. पाउंड हा श्रीमंत घराण्यातला, देखणा, नृत्यात निपुण आणि राणीच्या मर्जीतला दरबारी. एका नाताळच्या उत्सवात तो दरबारात नाचत होता. टाळ्या पडल्या, राणीने तीच गिरकी पुन्हा घेण्यास सांगितले. आणि दुसऱ्या वेळी तोल जाऊन तो सर्वांसमक्ष जमिनीवर पडला. राणीने त्याची थट्टा केली, दरबार खदखदला. पाउंड उठला, दरबारातून निघून गेला आणि पुन्हा कधी त्या वैभवाकडे फिरकला नाही, असे त्याच्या चरित्रकारांनी लिहून ठेविले आहे. येशूच्या जन्माचा सण. आणि त्या सणात राजवाड्यात चाललेले ते सारे कोणाच्या कौतुकासाठी होते, हा प्रश्न त्या पडण्याने त्याच्यापुढे उभा केला असावा.

या पाउंडाबरोबर स्टीफन्स यांनी सुमारे दोन वर्षे काढली. बाहेरच्यांना संशय येऊ नये म्हणून ते त्याचा चाकर म्हणून वावरत. दोघांनी मिळून रोमला जावयाचे व येशूसंघात प्रवेश करावयाचा असा बेत ठरला. परंतु निघण्यापूर्वीच पाउंड पकडला गेला आणि त्याची पुढील सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच निघाले. २० ऑक्टोबर १५७५ रोजी रोम येथे त्यांनी संघात प्रवेश केला. मित्राला विसरले नाहीत. तुरुंगात असलेल्या पाउंडासही संघात घ्यावे यासाठी त्यांनी वरिष्ठांकडे रदबदली केली आणि ती मान्य झाली.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच गलबते निघाली, त्यांपैकी एकावर स्टीफन्स होते. आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून गोव्यास पोचावयास त्या वेळी सहा महिन्यांहून अधिक काळ लागे. वारा पडला की गलबत दिवसेंदिवस एका जागी, पाणी नासलेले, हिरड्या सुजून अंगाला सूज आणणारा तो खलाशांचा रोग. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली व सत्तावीस दगावली. २४ ऑक्टोबरला गोवा दिसला. नोव्हेंबरात त्यांनी वडिलांस एक लांब पत्र लिहिले व त्यात प्रवासाची सारी हकीकत कळविली. हे पत्र १५८९ साली लंडनमध्ये हॅक्लुइट याच्या प्रवाससंग्रहात छापले गेले, आणि हिंदुस्थानाकडे डोळे लावून बसलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांनी ते आवडीने वाचले. मुलाने बापाला लिहिलेले पत्र व्यापाऱ्यांच्या कामी आले. पत्रांचे नशीब असेच विचित्र असते.

धर्मगुरूची दीक्षा मिळाल्यावर त्यांची योजना गोव्याच्या साष्टीत झाली आणि थोडा काळ वगळता पुढील सुमारे चाळीस वर्षे ते तेथेच राहिले. पोर्तुगीज त्यांस पाद्री एस्तेव्हाँव म्हणत. आपला देश, आपली भाषा आणि शेवटी आपल्या नावाचा उच्चारसुद्धा त्यांनी मागे टाकला. इंग्लंड पुन्हा त्यांच्या दृष्टीस पडले नाही.

ही साष्टी तेव्हा शांत नव्हती. १५६७ साली पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी तेथील हिंदू देवळे पाडली होती, लोकांच्या जुन्या उत्सवांवर बंदी घातली होती. ज्या बाळाला धर्मशाळेत जागा मिळाली नाही, त्याच्या नावाने दुसऱ्यांची पूजास्थाने नाहीशी करण्यात आली. इतिहास लिहिताना ही गोष्ट झाकून ठेवणे ख्रिस्ती माणसासही शोभणार नाही. त्याचे फळ लवकरच आले. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी गावी लोकांनी येशूसंघाच्या पाच जणांस ठार मारले. त्यांत अकबर बादशहाच्या दरबारी राहून आलेले फादर रुदोल्फ आक्वाव्हिव्हा होते. पाठोपाठ पोर्तुगीज सत्तेने त्या गावच्या मुखंडांस बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविले आणि तेथे त्यांची कत्तल केली. दोन्ही बाजूंचे रक्त त्या एका वर्षात त्या भूमीवर सांडले. फादर स्टीफन्स त्या वेळी चौतीस वर्षांचे होते, आणि याच लोकांमध्ये त्यांस आयुष्य काढावयाचे होते.

त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी एक प्रसंग घडला. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स आणि जेम्स स्टोरी या चार इंग्रजांस हेर समजून होर्मुझ येथे पकडण्यात आले व गोव्याच्या तुरुंगात आणून टाकण्यात आले. हे लोक प्रॉटेस्टंट राणीचे प्रजाजन. ज्या राजवटीने फादर स्टीफन्स यांस परागंदा केले, तिचीच पत्रे घेऊन आलेले. फादर स्टीफन्स यांनी तुरुंगात त्यांची भेट घेतली, जामीन मिळवून देण्यासाठी खटपट केली, आणि डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, ते मोकळे झाले. फिच पुढे आग्र्यापर्यंत व ब्रह्मदेशापर्यंत हिंडून १५९१ साली सुखरूप इंग्लंडला पोचला.

आता मुख्य विषयाकडे वळू. फादर स्टीफन्स यांनी साष्टीत कोकणी व मराठी या दोन्ही भाषा अशा आत्मसात केल्या की, पुढे कोकणीचे व्याकरणही त्यांनीच रचले. १५८३ साली पॅरिसमधील आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात, येथील भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिन यांच्याशी मिळतीजुळती आहे, असे त्यांनी नमूद केले. सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यास हाच विचार मांडला तो १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनी.

परंतु विद्वत्तेच्या हौसेने ते भाषा शिकले नव्हते. गावोगाव हिंडताना एक उणीव त्यांच्या ध्यानात आली. नव्याने ख्रिस्ती झालेले हे लोक पुराण ऐकून वाढलेले. संध्याकाळी दिवा लागावा, कोणी पोथी उघडावी, ओवीचा सूर लागावा आणि बायकामुलांसह घर ऐकत बसावे, ही त्यांची पिढ्यानपिढ्यांची वहिवाट. धर्म बदलला तेव्हा पोथ्या हातातून गेल्या. त्यांच्या जागी काय आले? उपासना लॅटिन भाषेत, राज्यकारभार पोर्तुगीज भाषेत. नाताळच्या रात्री देवळात दिवे लागत, घंटा वाजत, धूप दरवळे. परंतु जो जन्म झाला त्याची कथा आजीला नातवाजवळ सांगता यावी अशा शब्दांत कोठेच नव्हती. कथा नसलेला सण किती दिवस टिकणार? तो दिव्यांचा, जेवणाचा आणि नव्या कपड्यांचा होऊन बसतो. आमच्या वर्गातील त्या तीन उत्तरांची आठवण येथे पुन्हा होते.

ही उणीव ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच एका श्रोत्याच्या तोंडून मांडली आहे. धर्मशिक्षण चालले असता एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण उठतो आणि पाद्रीगुरूस विनवितो की, पहिली पुराणे आम्हांस वर्ज्य झाली, तर त्यांच्या जागी वाचावयास, मन रमवावयास आम्हांस काही द्यावे. गुरूला ते पटते, आणि तेथून कथा सुरू होते. श्रोते मधून मधून शंका काढतात, गुरू समाधान करतो, कथा पुढे जाते. आपल्या जुन्या पुराणांची जी रीत तीच. पहिल्या भागात जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या लोकांचा इतिहास, दुसऱ्या भागात येशूचा जन्म, जीवन, मरण व पुनरुत्थान. पहिल्यात ३६ व दुसऱ्यात ५९ अध्याय असून, त्यांस अवस्वर असे नाव दिले आहे. एकंदर ओव्या अकरा हजारांच्या घरात जातात. आरंभी मराठीची थोरवी गाणाऱ्या ज्या ओव्या आहेत त्या आज ख्रिस्तीतर शाळांतूनही मुलांस तोंडपाठ असतात.

ग्रंथाची भाषा पाहावी. स्वर्गाला येथे वैकुंठ म्हटले आहे, तारणाला मुक्ती म्हटले आहे. स्नानसंस्काराला व क्रुसाला मात्र पोर्तुगीज नावे ठेविली आहेत. छंद ज्ञानेश्वर व एकनाथ यांनी घराघरांत नेलेल्या ओवीचा. एकनाथ महाराज १५९९ साली निवर्तले, म्हणजे हा इंग्रज साष्टीत मराठी गिरवीत होता तेव्हा पैठणास नाथ हयात होते. ग्रंथात हिंदू देवदेवतांवर कठोर टीका आहे. ती आज आपल्या कानांस खटकते व खटकावी हेच बरे. परंतु त्याच ग्रंथाचा कर्ता ज्यांच्यावर टीका करतो त्यांचीच वाणी आदराने उचलतो, हेही तितकेच खरे.

ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे नाताळचा अर्थ काय, हे येथे थोडे स्पष्ट केले पाहिजे, म्हणजे या ग्रंथाचे मोल कळेल. थोर पुरुषांच्या जयंत्या सर्वच धर्मांत होतात. नाताळ ही त्या अर्थाने जयंती नाही. परमेश्वराला मनुष्याशी बोलावयाचे होते, तेव्हा त्याने मनुष्याला आपल्याकडे वर बोलाविले नाही. तो स्वतः मनुष्य होऊन खाली आला, हे त्या रात्रीचे रहस्य होय. रोमच्या ऑगस्टस बादशहाने शिरगणतीचा हुकूम काढला म्हणून गरोदर मरिया व योसेफ लांबचा प्रवास करून बेथलेहेमास आले. उतारशाळेत जागा नव्हती. बाळ जन्मले ते गुरांच्या गव्हाणीत निजविले गेले. वार्ता प्रथम पोचली ती रात्री माळावर मेंढरे राखीत बसलेल्या अडाणी माणसांना. आणि तो बाळ मोठा होऊन जी भाषा बोलला ती राज्यकर्त्यांची लॅटिन किंवा पंडितांची ग्रीक नसून गालीलातील खेडुतांची अरामी होती. देवाने एका गावची बोली पत्करली. मग त्या जन्माची वार्ता साष्टीच्या शेतकऱ्याला त्याला न समजणाऱ्या भाषेत सांगत राहणे म्हणजे त्या जन्माचा अर्थच पुसून टाकणे झाले असते. फादर स्टीफन्स यांनी प्रवचनाने हे सिद्ध करीत न बसता ओव्या रचल्या. त्यांत कुमारी मरिया अंकुवारी झाली, बेथलेहेमचे मेंढपाळ मराठी बोलू लागले, आणि ज्यांच्या घरी पोथी उरली नव्हती त्यांच्या घरी पुन्हा सूर लागला.

ग्रंथ छापण्याच्या कामी मात्र त्यांस एक हार पत्करावी लागली. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता, परंतु देवनागरी टाईप नव्हते. १६०८ साली फादर स्टीफन्स यांनी रोममधील आपल्या वरिष्ठांस पत्र लिहून येथील लिपीचे साचे तयार करण्याची परवानगी मागितली. या लिपीत जोडाक्षरे अनेक, त्यामुळे सुमारे सहाशे साचे पाडावे लागतील, ही अडचणही त्यांनी प्रांजळपणे कळविली. योगायोग असा की तुकाराम व रामदास यांचा जन्म याच वर्षी झाला असे मानतात. साचे काही झाले नाहीत. अखेर १६१६ साली राशोल येथे हा मराठी ग्रंथ रोमन अक्षरांत छापावा लागला. ज्याने एवढे शब्द मराठी केले, त्यास आपली अक्षरे मराठी करता आली नाहीत. साठी उलटलेल्या त्या वृद्ध पाद्र्याला याचे दुःख किती झाले असेल, हे ज्याने छापखान्याच्या दारात हेलपाटे घातले आहेत त्यालाच उमजेल.

तीन वर्षांनी, १६१९ साली, वयाच्या सुमारे सत्तराव्या वर्षी फादर स्टीफन्स यांनी गोव्यात देह ठेविला. त्यांची कोकणी प्रश्नोत्तरी १६२२ साली व व्याकरण १६४० साली छापले गेले. ख्रिस्तपुराणाच्या १६४९ व १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. गोव्यातील देवळांतून रविवारी व सणासुदीस ते गाऊन दाखवीत. परंतु १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषांच्या वापराविरुद्ध फर्मान काढले आणि वारा फिरला. तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही.

राहिल्या त्या हाताने उतरून काढलेल्या प्रती. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या मंगळुराकडे नेल्या. टिपू सुलतानाच्या कैदेची दुर्दशा सोसूनही त्या लोकांनी पुराण गाण्याची रीत सोडली नाही. त्यांच्या प्रतींवरून जोसेफ साल्दान्य यांनी १९०७ साली मंगळूर येथे नवी आवृत्ती छापली, तीही रोमन लिपीतच. पुढे १९२० नंतरच्या काळात अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांस लंडनमध्ये, मार्स्डेन या विद्वानाच्या जुन्या संग्रहात, या पुराणाचे देवनागरी हस्तलिखित आढळले. विल्टशायरचा मुलगा ज्या देशातून परागंदा झाला, त्याच देशाच्या राजधानीत त्याची मराठी पोथी पडून होती. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यात ख्रिस्तपुराण देवनागरी अक्षरांत छापून प्रसिद्ध केले. साचे मागणारे ते पत्र रोमला गेल्याला तेव्हा तीनशे अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती.